मागचे स्पीकर

भूकंपानंतर दहाएक वर्षांत लातुरात क्लासेसचं पीक असं फोफावलं, की सोयाबीननंही लाजावं. एका क्लासवाल्यानं फिजिक्स शिकवायला बोलावलं म्हणून मी नांदेडहून तिकडं गेलो. बायकोची शाळेची नोकरी नांदेडची आणि मुलगीही तिथंच शिकत होती, त्यामुळे गेलो एकटाच. दिवसभर खच्चून भरलेल्या वर्गांपुढं बोलून घसा बसायचा आणि खोलीवर आलो की एक शब्द बोलायला माणूस नसायचा.

खाली घरमालकीण राहायच्या, त्याही एकट्याच. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, सकाळी कपाळाला विभूती लावून पूजेला बसायच्या. औशाकडच्या त्यांच्या गावात घर पडलं, माणसं गेली, तेव्हा त्या लातूरला आल्या. नळाच्या दिवशी "पानी भरलं का?" एवढंच त्या विचारायच्या. मी "भरलं" म्हणायचो. संपलं संभाषण. "इथं मी मेलो तरी वास सुटल्यावरच कळेल लोकांना," असं मी एकदा फोनवर बायकोला म्हणालो. ती चिडली, पण मला ते खरंच वाटायचं.

राहायला गेलो त्या दिवशी मात्र त्या जरा जास्त बोलल्या होत्या. खाली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीच्या कडेला स्टीलचे पेले उलटे, एकावर एक रचून ठेवलेले होते. ते दाखवून म्हणाल्या, "भुई हालली की हे पडतेत. पडले की भाईर पळायचं. काई घ्यायचं न्हाई, कुनासाठी थांबायचं न्हाई." भूकंपानंतर बऱ्याच घरांत असे पेले दिसायचे. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी येणार म्हणून मी कॉम्प्युटरला सराउंड स्पीकर घेतले. पाच लहान डबे आणि जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड वूफर. रविवारी दुपारी लाइट आल्या आल्या जोडायला बसलो. मागच्या दोघांपैकी एक उलट्या बादलीवर ठेवला, दुसरा प्रश्नसंचांच्या गठ्ठ्यावर. मधोमध खुर्ची टाकली. खोलीत खुर्ची एकच होती.

आधी भजनाची सीडी लावली. समोरून पेटी, डावीकडून तबला, मागून टाळ. डोळे मिटले तर घर माणसांनी भरलंय असं वाटलं, म्हणून मिटलेलेच ठेवले. सीडी संपली. डोळे उघडल्यावर खोली आधीपेक्षा जास्तच रिकामी दिसली, आणि मला स्वतःचाच राग आला.

मग मुलीनं दिलेला लढाईचा गेम लावला. त्यात मागून पावलं वाजायची. मी दचकून वळायचो, तर मागं बादली. पुन्हा पावलं, पुन्हा वळलो, पुन्हा बादली. कुणीतरी आलंय असं मनाला वाटायचं आणि दर वेळी तोंडघशी पडायचो. शेवटी ठरवलं, आता काही झालं तरी वळायचं नाही. आवाज वाढवला. पडद्यावर बॉम्ब फुटू लागले, फरशीतून हादरा तळपायांत चढला. पैसे वसूल झाले म्हणायचे!

तेवढ्यात मागून पुन्हा पावलं आली. या वेळी जड, अडखळत येणारी. धापा टाकल्याचाही आवाज आला. काय कारागिरी आहे, म्हणून मी मनातल्या मनात कंपनीची पाठ थोपटली आणि वळलो नाही.

खांद्यावर हात पडला.

"सर, उठा की! भुई हाललीय, पेले पडले!"

घरमालकीण होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मला बोलू न देता त्यांनी मनगट धरलं आणि जिन्यावरून ओढत खाली रस्त्यावर आणलं. आम्ही दोघंही अनवाणी. गल्लीत सगळं शांत होतं. समोर एक म्हातारा पेपर वाचत बसला होता, त्यानं चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. आणि वरून, माझ्या खिडकीतून, धडामकन आवाज आला.

त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझा स्पीकर," मी म्हणालो.

"आग लागो त्या डबड्याला!" त्या ओरडल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. गुडघे दोन्ही हातांनी दाबत राहिल्या. स्वयंपाकघर तर रस्त्याच्या दारालगतच होतं. त्यांना बाहेर पडायला चार पावलं पुरली असती. त्या जिना चढून वर आल्या होत्या.

"मावशी," मी म्हणालो. तोवर त्यांना काही नावानं हाक मारलेलीच नव्हती. "कुणासाठी थांबायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हाव, सांगितलं होतं," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "पन वर तुमी एकलेच होता की."