करवतीवरची गाडी

मामाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आले, त्या दिवशी मी मागच्या ओसरीतली मशीन झाकून ठेवायला विसरले. मामाजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू असो नाहीतर आणखी काही, लोखंडी टेबलातून वर आलेलं करवतीचं गोल पातं त्यांना दिसणार नाही हे शक्यच नव्हतं. हातपाय धुवायला मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

"हे मशीन कोनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"बोटं किती हायत तुले?"

"दहा."

"मंग दहाच राहू दे. मी जाईन तवा हे संग नेतो अन् इकून टाकतो."

एवढं बोलून ते आत गेले आणि चहा मागितला. डॉक्टरांनी त्यांना तीन आठवडे इथेच राहायला सांगितलं होतं. म्हणजे माझ्या मशीनलाही तीनच आठवडे होते.

मी गावातल्या राजापेठेत शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि घर इतकं गप्प झालं की मला हातांना काहीतरी काम हवं झालं. एक फर्निचरचं दुकान बंद होत होतं, तिथून ही मशीन जुनी म्हणून घेतली. नवरा तिला माझं खेळणं म्हणायचा. वर्षभरात मी तिच्यावर फोटोच्या चौकटी केल्या आणि त्यातली एकही चौथ्या कोपऱ्यात नीट जुळली नाही. वर्गात काटकोनावर तास घेणारी बाई घरी एक काटकोन कापू शकत नव्हती. तरी ती मशीन गेली असती तर मी रडले असते. हे तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही.

मामाजींशी भांडायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे सासरा आणि सून यांच्यात एक अंतर असतं. मी डोक्यावर पदर घेऊन चहा समोर ठेवायचा, त्यांनी भिंतीकडे बघत तो उचलायचा, अशी आमची अठरा वर्षं गेली होती. त्यात वाईट काही नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं. शिवाय त्यांचा डावा हात कायम खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली असायचा. तरुणपणी अकोल्यात लाकडं चिरायच्या एका आरामशीनवर त्या हाताची दोन बोटं अर्धी गेली होती. त्यानंतर त्यांनी काम सोडलं नाही, पण आपल्या मुलांना करवतीच्या जवळसुद्धा येऊ दिलं नाही. आणि आता सूनच मशीन घेऊन बसलेली.

"जाऊ दे नं, बाबा ऐकणार नाहीत," नवरा म्हणाला. त्याने असं म्हटलं की मला हमखास जोर चढतो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी चहाचा कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले. "मामाजी, फळी ठेवायला एक गाडी बनवते. हात पात्याजवळ जाणारच नाही अशी. जमली तर मशीन राहील?"

काळा चष्मा लावलेला माणूस काय विचार करतो ते कळत नाही. चहा संपवून ते म्हणाले, "काटकोनात कापून दाखव. मंग पाहू."

ही गाडी म्हणजे फार मोठं काही नाही. एक सपाट प्लायवूड. त्याच्या खाली दोन लाकडी पट्ट्या, मशीनच्या टेबलातल्या दोन लांब खाचांमधून सरकणाऱ्या. वर मागच्या, म्हणजे ढकलणाऱ्याच्या बाजूला एक उभी फळी. कापायचं लाकूड या उभ्या फळीला टेकवायचं आणि सगळी गाडीच पात्यावर ढकलायची. हात लांब राहतो आणि काप दर वेळी सारखा येतो. सगळा जीव त्या दोन पट्ट्यांत असतो. त्या खाचेत घट्ट झाल्या तर गाडी हलत नाही, सैल झाल्या तर डुलते.

मे महिना होता आणि ओसरीत पाऊल ठेववत नव्हतं. मी पट्ट्या घेऊन हॉलमध्ये कुलरसमोर बसले. दोन दिवस तिथेच रंधा मारला. धावत जायचं, खाचेत घालून बघायचं, धावत परत यायचं. शेवटी पट्ट्या अशा बसल्या की मी नवऱ्याला बोलावून दाखवल्या. गाडी जोडून ओसरीत ठेवली. शिकवणीच्या परीक्षा होत्या, म्हणून पुढचे चार दिवस तिला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी फळी लावून गाडी ढकलली. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितल्यामुळे मामाजी आत, खिडकी लावून बसले होते.

"ठकठक करून राहिली तुही गाडी," आतून आवाज आला.

खरंच डुलत होती. मी कापलेले तुकडे आत नेऊन त्यांच्या हातात दिले. ते म्हणाले, "एक उलटा कर अन् दुसऱ्याले भिडव." मी भिडवला. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये नख जाईल एवढी फट होती. चूक दुप्पट होऊन दिसत होती आणि हे गणित मला आधी सुचायला हवं होतं.

"पट्ट्या कुठं छिलल्या?"

"इथेच. कुलरसमोर."

मामाजी हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "लाकडाले कुलर लावला? त्याले काय उकडून राहिलं होतं का, बाई? कुलरचं पानी पेलं त्यानं, फुगलं. बाहेरच्या गरम हवेत सुकलं, बारीक झालं. जिथं राबाचं तिथंच निजू द्या लागते त्याले."

मला राग आला आणि हसूही आलं. राग स्वतःचा होता.

मग माळ्यावरच्या जुन्या पलंगाची सागवानी पट्टी काढली, चिरली आणि मशीनशेजारी ओसरीत ठेवून दिली. आता वाट बघायची होती. मामाजी रोज चहा घेताना विचारायचे, "पट्ट्या कशा हायत?" दवाखान्यातल्या माणसाची चौकशी करावी तसं. मी एक पट्टी आणून द्यायचे, ते उजव्या अंगठ्याने ती चाचपायचे आणि म्हणायचे, "आनखी दोन दिवस." ते आता भिंतीकडे बघत नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझा रंधाही त्यांनी एकदा हातात घेतला आणि पात्याची धार बघून असं तोंड केलं की मी तो गुपचूप परत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड मागवून धार लावून दिली.

त्यांच्या जाण्याच्या दोन दिवस आधी पट्ट्या बसल्या. या वेळी मी ओसरीतच, घामाने निथळत, रंधा मारला होता. गाडी आवाज न करता सरकली. फळी कापली, एक तुकडा उलटा केला, भिडवला आणि आत नेला. मामाजींनी जोडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांना जोड सापडत नव्हता.

मला वाटलं, जिंकले.

"वायर काढ मशीनची," ते म्हणाले आणि उठून ओसरीत आले. "आता हात ठेव. कापताना ठेवले होते तसेच."

मी ठेवले. ते चष्म्याआडून वाकून बघू लागले, मग चाचपत माझ्या उजव्या अंगठ्यापाशी थांबले. अंगठा उभ्या फळीच्या मागे होता, पातं जिथून फळी चिरून बाहेर येतं बरोबर तिथे. मी दोन आठवडे काटकोनाच्या मागे लागले होते आणि पातं कुठून बाहेर निघतं हे पाहिलंच नव्हतं.

मामाजींनी दुपट्ट्याखालून डावा हात काढला आणि ती दोन अर्धी बोटं माझ्या अंगठ्याशेजारी ठेवली.

"लाकूड संपल्यावर पातं थांबत नाई," ते म्हणाले. "लाकूड संपते, मानसाले वाटते झालं, अन् हात पुढंच जात राह्यते. माहे असेच गेले."

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात एक वीत बाजूला सरकवला. दुसराही. अठरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला होता. मी हललेसुद्धा नाही. त्यांनी जुन्या सवयीने कानावर खोचलेली पेन्सिल काढून दोन्ही अंगठ्यांच्या कडेने रेघा मारल्या.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून बाभळीचा एक जाड ठोकळा कापून घेतला आणि पातं बाहेर येतं तिथे उभ्या फळीच्या मागे चिकटवायला लावला, म्हणजे बाहेर आलेलं पातं त्यातच राहील. फाटकाचा उरलेला लाल रंग होता, तो ठोकळ्याला दिला. पेन्सिलीच्या रेघांपाशी त्यांनी पटाशीने स्वतः दोन खळगे कोरले. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, पटाशीनं धूळ उडत नाई. बघण्यापेक्षा ते बोटांनीच जास्त कोरत होते आणि दर थोड्या वेळाने माझा अंगठा त्यात बसवून पाहत होते. मला त्या दोन तासांत जितकं शिकायला मिळालं तितकं आधीच्या वर्षभरात मिळालं नव्हतं. आणि नुसतं शिकणं नव्हतं ते. जो हात त्यांनी सगळ्यांपासून लपवला, तो माझ्यासाठी बाहेर काढला. त्यासाठी मी त्यांची कायमची आभारी आहे. त्यांना मात्र हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

जायच्या दिवशी सामान कारमध्ये ठेवताना नवऱ्याने विचारलं, "बाबा, मशीन डिकीत टाकू का?"

"काहून?" मामाजी म्हणाले. "तिची हाय नं ते."

आता ओसरीत चार चौकटी टांगलेल्या आहेत आणि चारही नीट जुळलेल्या आहेत. मशीन सुरू करण्याआधी माझे अंगठे आपोआप त्या खळग्यांत जाऊन बसतात. दर रविवारी अकोल्याहून फोन येतो. पूर्वी मामाजी फक्त मुलाशी बोलायचे आणि ठेवून द्यायचे. आता त्याच्याशी बोलून झालं की म्हणतात, "तिले दे."

"किती हायत?" ते विचारतात.

"दहा, मामाजी."

"मोजून सांग."

मी फोन खांद्यात धरते, दोन्ही हात समोर घेते आणि खरोखर मोजते.