झील कुणी धरली नाही

“बाळा, हे तुझ्या तोंडाचं गाणं नाही,” बाई म्हणाल्या आणि पेटीवाल्यानं भाता बंद केला. मी नाट्यपदाची पहिलीच ओळ म्हटली होती. दुसरी म्हणू दिली नाही.

जालन्यातल्या एका नाट्यमंडळाची चाचणी होती. जुन्या वळणाचं नवं संगीत नाटक बसवायचं होतं, त्यासाठी गाणारी माणसं निवडत होते. बाई म्हणजे दिग्दर्शिका. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर बी निवडते. फुटकं, किडकं बाजूला काढायचं, चांगलं पुढं जाऊ द्यायचं. ते पद मी मोबाइलवर ऐकून ऐकून तीन आठवडे पट्ट्यावर घोकलं होतं. यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून मोकळ्या गळ्यानं. वाटलं होतं, नायिका नाही तर नायिकेची सखी तरी मिळेल.

बाई वाईट नव्हत्या. तेच जास्त लागलं. हसून म्हणाल्या, “तुझ्या आवाजाला मातीचा वास आहे. पुढच्या रविवारी ये आणि तुमच्यातलं काहीतरी म्हण.”

तुमच्यातलं. मी फक्त नाव, आडनाव, गाव सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी ओळखलं. मागं बसलेली पोरं गालात हसली. आणि मी? मी “हो मॅडम” म्हणाले. वर आनंदानं म्हणाले. आज त्याची लाज वाटते.

जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीजवळ आमचं घर. वडिलांना मी आबा म्हणते. आबांची मेंढरं होती, आता नाहीत. चरायच्या माळांना तारांची कुंपणं पडली, मेंढरं गेली, आबा दुसऱ्याच्या शेतावर राखणीला लागले. पण मेंढरं होती तेव्हा कातरणीच्या दिवसांत त्यांची ओवी ऐकायला आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं यायची. लोकर कातरत चौघं ओळीनं बसत. आबा ओवी सांगत, शेवटाला थांबत आणि बाकीचे पुढची ओळ उचलून ओवी पुरी करत. त्याला झील धरणं म्हणतात. सांगणाऱ्यानं आपली झील आपण धरायची नसते. ओवी अधुरी राहिली तरी चालेल, पण ते करायचं नाही. सहा वर्षांची असल्यापासून मी आबांची झील धरत आले.

मी निवडली ती ओवी आबांनी स्वतः रचलेली. कळप पुढं गेलाय, कोकरू माणसाच्या खांद्यावर आहे आणि त्याची आई थकून मागं बसलीय.

“माळ वलांडला, वढा वलांडला,
कोकरू खांद्याव, माय मागं राह्यली…”

इथं थांबायचं. मग झील त्या मेंढीला हाक घालते. झील आली नाही तर मेंढी तिथंच राहते.

“म्हण, हीच म्हण,” आबा म्हणाले. “पर झील कोण धरील? मी येऊ का संगं?”

“नगा येऊ. समदे गाणारेच हायेत तिथं. धरतील बराबर कुणीतरी.”

खरं कारण ते नव्हतं. आबांचा मळका पटका, झिजलेल्या वहाणा, खांद्यावरची घोंगडी. मला माझ्या बापाची लाज वाटली होती. लिहिताना हात अडतो, पण लिहिते.

रविवारी मी ओवी म्हटली. जीव ओतून म्हटली. ‘राह्यली’वर आले आणि थांबले. वाट बघितली. वर पंखा फिरत होता. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते आणि ते माझ्याकडं.

“विसरली वाटतं!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबले. मग तर तबलजीनं हसून हसून डोळे पुसले.

“शब्द पाठ करून यायचं ना गं,” बाई म्हणाल्या.

“इसरले न्हाई मॅडम. म्होरची ओळ तुमची हाय.”

अख्खा हॉल खो खो हसला. दहा-दहा वर्षं गाणं शिकलेली माणसं होती ती. एकाच्याही मनात आलं नाही, की पोरगी आपली वाट बघतेय.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “पण ओवी गोड आहे हं. नायिकेच्या तोंडी घालू. तू तिला शिकव. तुला दुसऱ्या अंकात धनगरीण देते. घोंगडी घरचीच आण. मेंढ्यांना हाकारतात ना, तेवढा आवाज काढायचा.” बाईंच्या शेजारचा पोरगा मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून बसला होता.

ओवी चालते. घोंगडी चालते. मी चालत नाही. पट्ट्यावरून किडकं बी उचलून टाकते तसं मला टाकलं होतं. फरक एवढाच, की किडकं बी कधी “हो मॅडम” म्हणत नाही. या वेळी मीही म्हणाले नाही.

“मला ओवी द्यायची न्हाई.”

“अगं, लोकगीत आहे ते. कुणाच्या बापाचं थोडंच असतं?”

“ही माझ्या बापानं रचलीय. ते रेकॉर्डिंग पुसा.”

कुणी पुसलं नाही. बाईंनी कागदावर बघून पुढचं नाव पुकारलं.

घरी आले तर आबा ओट्यावर वाट बघत बसले होते. “धरली का गं झील?”

“धरली. बराबर धरली.”

केवढे खूश झाले. ते खोटं मला दोन दिवस जेवू देईना. तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आबांनी खांद्यावरची घोंगडी काढून घडी केली. मग म्हणाले, “मंग मेंढी तिथंच राह्यली म्हन की.” त्यानंतर त्यांनी ओवी म्हटलेली नाही. मी विषय काढला तरी उठून जातात.

आता नाटक बसलंय. ओवी त्यात आहे. पट्ट्यावरची एक मैत्रीण तालीम बघून आली. म्हणाली, नायिका ‘राह्यली’ म्हणते आणि पुढं पेटी वाजते. नाटकाच्या पत्रिकेवर ओवीपुढं छापलंय, ‘पारंपरिक’. तक्रार कुणाकडं करू? निवडणारे तेच, छापणारे तेच. त्या रंगमंचावर मी कधी गाणार नाही, हे मला आता पक्कं कळलंय. आबांचा गळाही परत येणार नाही.

तरी दोन तिकिटं काढलीत. आबा म्हणतात, “मी न्हाई येत, लोकं हसतील.” नाही आले तर त्यांची खुर्ची रिकामी ठेवीन, तिच्यावर कुणाला बसू देणार नाही. नायिका ‘माय मागं राह्यली’ म्हणेल. चोरीची का होईना, ओवी तिनं सांगितलेली असेल, म्हणजे झील धरणं माझं काम. पेटी वाजायच्या आत मी उभी राहणार. आधी आबांचं नाव घेणार, मग झील धरणार. हसतील. दंड धरून बाहेर ओढतील. ओढू देत. झील पुरी झाल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही.