कँडीच्या देवळात उतरलेला फेटा

"सिलोन म्हणजे रेडिओवरची गाणी, दुसरं काय?" असं मोशीचे माझे साडू ज्ञानोबा म्हणाले आणि मी पिंपरीच्या कारखान्यात रजेचा अर्ज टाकला. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण नकाशांनी आणि रेल्वेच्या वेळापत्रकांनी केलं. तिथं कँडी गावात बुद्धाचा दात जपलेलं देऊळ आहे आणि बुद्ध म्हणजे आपल्या विठोबाचाच अवतार, हे ऐकताच ज्ञानोबाही दर्शनाला निघाले.

जाणाऱ्यांनी परवान्याचे कागद आधीच करून ठेवावेत. मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे आहे, आणि गाडीतून उतरलं की समोर आगबोट. ज्ञानोबांनी सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. "रावणाच्या मुलखात काय मिळंल, न मिळंल." मिळालं ते भात आणि नारळाच्या दुधातली भाजी. तीन वेळा वाढून घेतली त्यांनी.

कोलंबोहून कँडीला जाताना डब्यात उजव्या बाजूला बसा, दऱ्या तिकडंच आहेत. वाटेत केशरी शहाळी मिळतात.

"पिकून गेलंय ह्ये," ज्ञानोबा म्हणाले.

"जातच तशी आहे."

पुढं नदीत हत्ती डुंबत होते. नर असूनही बहुतेकांना मोठे सुळे नव्हते. इथल्या नरांना ते क्वचितच येतात, असं मी सांगितलं.

"तुमाला हत्तीनं सांगितलं काय, साडूभाऊ?"

कँडीच्या दंतमंदिरात आम्ही चपला काढल्या. रखवालदारानं ज्ञानोबांच्या फेट्याकडं बोट केलं. इथं देवासमोर डोकं झाकत नाहीत. हे मात्र मी कुठंच वाचलं नव्हतं.

ज्ञानोबा पायरीवरच बसले. "उघडं डोकं आमी मयताला करतो. घरी बायकापोरं हायेत माझी. मी न्हाई येत."

एवढा समुद्र ओलांडून दर्शन दारातच राहणार होतं. मी मोडक्या इंग्रजीत अडचण सांगितली. रखवालदार हसला, ज्ञानोबांशेजारी बसला आणि त्यानं स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला. पुरतं टक्कल. मग त्यानं ओंजळ पुढं धरली.

ज्ञानोबांनी बराच वेळ त्या ओंजळीकडं पाहिलं. "खाली ठेवू नगं म्हणावं," असं मला बजावून त्यांनी फेटा उतरवला. आत आम्हाला रांगेत वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा रखवालदार तसाच उभा होता, फेटा दोन्ही हातांवर.

परतल्यावर पारावर मी हत्तींचं, शहाळ्यांचं सगळं बिनचूक सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण पुन्हा पुन्हा विचारतात ते ज्ञानोबांनाच, आणि ज्या माणसाचं डोकं मोशीत कुणी पाहिलं नव्हतं, तो आता दर वेळी फेटा उतरवून समोरच्याच्या हातात देतो. "असा धरला व्हता त्यानं," म्हणतो. "नीट धर."