औताचा फेर

आमच्या गावामागच्या डोंगराला लागलेली ती आग आणि त्यानंतरची चौकशी अजून माझ्या मनातून हललेली नाही. मी पोलीस पाटील होते. साहेब किंवा जमादार नव्हे, गावातली पोलीस पाटील. माझे मालक वारल्यावर त्यांची जागा घ्यायला गावात कुणी पुढे आले नाही. मी चौथी शिकलेली, म्हणून मला घेतले. काम सरळ होते. गावात काही घडले की ठाण्याला कळवायचे, पंचनाम्याला हजर राहायचे, साहेब आले की सोबत फिरायचे. बोलण्याची मला सवय नव्हती. ठाण्यात गेले की डोक्यावरचा पदर धरून भिंतीला टेकून उभी राहायची आणि विचारले तेवढेच सांगायची.

आमचे गाव दौलताबाद ते खुलताबाद या डोंगररांगेच्या पायथ्याला. दुष्काळाचे ते सलग दुसरे साल होते. विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरने येत होते. डोंगरावर मात्र मागच्या पावसाचे वाळलेले गवत कमरेएवढे उभे होते. त्या गवतावर गावाची जनावरे उन्हाळा काढणार होती. दरवर्षी आपली मेंढरे घेऊन डोंगरावर उतरणाऱ्या धनगर म्हाताऱ्याचीही सगळी भिस्त त्यावरच होती. गावात सगळे त्याला मामा म्हणत.

एका दुपारी डोंगर पेटला. गावातले लोक निरगुडीच्या फांद्या घेऊन धावले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा कुठे आग थांबली. तोवर गावाकडची उतरण पूर्ण काळी झाली होती. सीताफळीची झाडे जागीच करपून उभी होती.

दुसऱ्या दिवशी वन विभागाच्या तक्रारीवरून ठाण्यात गुन्हा दाखल झाला. धनगर कोवळ्या गवतासाठी डोंगर पेटवतात, असा समज आमच्या भागात जुना आहे. मामा त्या दिवशी डोंगरावरच होता आणि त्याच्या खिशात काडीपेटी सापडली. जमादाराने त्याला आणून बाकावर बसवले. गुन्हा सिद्ध झाला असता तर त्याला त्या डोंगरावर पुन्हा मेंढरे चारू दिली नसती. दुष्काळात दुसरीकडे कुठे चारा नव्हता. सगळी मेंढरे खाटकाला द्यावी लागली असती. त्याचे घर त्या मेंढरांवरच चाले.

मी ठाण्यात गेले तेव्हा तो गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "आक्का, काडीपेटी बिडीची हाय. ज्या ताटात जेवायचं त्यालाच काडी लावंल व्हय मी?"

ठाणे अंमलदार म्हणाला की प्रत्येक जण असेच म्हणतो. ते खरेही होते.

बातमी मिळाली ती टँकरवर. बायका घागरी लावून उभ्या असतात तेव्हा पुरुष जवळ नसतात. अशा वेळी जे कळते ते चावडीवर कधी कळत नाही. दौलताबादच्या किल्ल्यापाशी सीताफळे विकणारी एक म्हातारी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि घागर भरता भरता बोलली. आगीच्या वेळी ती उतरणीवर काटक्या गोळा करत होती. मामाची मेंढरे वर, पार माथ्यावर होती. धूर उठला तो खालून, नव्या प्लॉटिंगच्या खांबांपासून. मामा ओरडत मेंढरे पलीकडच्या अंगाला हाकत होता.

"जबाब देशील का?" मी विचारले.

"नाय बाई. त्या प्लॉटातून मला डोंगरावर जाऊ देत्यात, म्हणून चार काटक्या मिळत्यात. माझं नाव घ्यायचं नाय."

मी तिला शब्द दिला आणि पाळला. पण नाव न घेता ठाण्याच्या साहेबांना सांगितले की आग वरून नव्हे, खालून निघाली असावी. साहेब शेतकऱ्याच्या घरातले होते. त्यांनी लगेच ओळखले की आग चढावर पळते. आपली मेंढरे वर असताना कुणी खालून पेटवणार नाही. पण ते म्हणाले, "हे कोर्टात पुरणार नाही, पाटीलबाई. कुणी पेटवलं ते दाखवावं लागेल."

मग आम्ही जागेवर गेलो. साहेब, वनरक्षक, जमादार आणि मी. शहर त्या वर्षांत लष्कराची छावणी ओलांडून आमच्या शिवारापर्यंत आले होते. पायथ्याची शेते विकली गेली होती. तिथे सिमेंटचे खांब आणि रंगीत झेंड्या लावून प्लॉट पाडले होते. घरे कुठेच नव्हती. नुसते मोकळे प्लॉट, त्यावर गवत आणि घाणेरी.

जुना धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, अजून तसाच होता. त्या धुऱ्यावर थोड्या थोड्या अंतरावर राखेचे छोटे ढीग दिसले. साहेबांनी राख बोटांनी चाळली. त्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, अर्धवट जळालेली बुडखे होती. त्यांनी माझ्याकडे बघितले.

मी जे ओळखले होते ते सांगणे भाग होते. आमच्याकडे पेरणीआधी धुरा असाच जाळतात. पऱ्हाटीच्या जुड्या ठेवत जायचे आणि एका टोकाकडून पेटवत यायचे. हा शेतकऱ्याचा हात होता. आणि त्या धुऱ्यावर कुणाचा हात फिरत आला होता, ते मला माहीत होते.

"साहेब," मी म्हणाले, "ही जमीन आमच्याच घरची होती. थोरल्या दिरांनी विकली. आता ते इथंच राखणदार आहेत."

जमादाराने मान फिरवली. साहेबांनी एवढेच विचारले, "उद्या ठाण्यात याल? की मी दुसऱ्याला बोलावू?"

मी येते म्हणाले. मालक गेल्यावर याच दिरांनी माझ्या घरात धान्य आणून टाकले होते. पण बाकावर बसलेला मामा डोळ्यांपुढून जात नव्हता.

सकाळी दिरांना बोलावले. साहेब कुणावर हात उचलत नसत. समोर चहा ठेवायचे आणि तेच तेच पुन्हा शांतपणे विचारायचे. दीर म्हणाले, मी फाट्यावर चहाला गेलो होतो. पऱ्हाटी कुणीही आणून टाकली असेल. आग लागली तेव्हा मी तिथे नव्हतोच. बोलता बोलता माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेंढरामागं फिरणारा सोडून घरच्यांवर आलं व्हय हे. आता भावजयच पंचनामा करनार आमचा."

बराच वेळ गेला. दीर मागे हटेनात. शेवटी साहेब थांबले आणि म्हणाले, "पाटीलबाई, तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

त्या घरात सून म्हणून आल्यापासून मी थोरल्या दिरांसमोर कधी बोलले नव्हते. काही सांगायचे असले तर जाऊबाईंमार्फत सांगायचे. मी पदर पुढे ओढला आणि फरशीकडे बघत विचारले, "भाऊजी, पेटवायच्या आधी औताचा फेर मारला नव्हता का?"

त्यांना राग आला. शेतीतली चूक कुणी काढली की त्यांना नेहमीच राग यायचा.

"कशाचा फेर? तितं औत चालतंय कुटं? मुरूम टाकलाय समदीकडं, खांब रोवल्यात. बैल फिरायला जागा ठिवली का त्यांनी? फेर मारायचा म्हनं..."

आणि ते थांबले. साहेबांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

मग त्यांनी सगळे सांगितले. रविवारी शहरातून गिऱ्हाइके प्लॉट बघायला येणार होती. गवतात साप असतात म्हणून प्लॉटच्या मालकाने सगळे साफ करायला सांगितले होते. इतकी वर्षे धुरा जसा जाळला, तसाच त्यांनी जाळला. पूर्वी आधी औताचा फेर मारून कडेने माती उघडी करायचे, आणि पलीकडचे शेतही नांगरलेले असायचे. आग मातीपाशी येऊन विझायची. या वेळी तिला थांबवणारी माती कुठेच नव्हती.

"माझ्याच धुऱ्यावर पेटवलं मी," ते म्हणाले. जमीन विकून झाली होती तरी ‘माझ्याच’ म्हणाले. नोकरी जाईल म्हणून मामाला बाकावर बघूनही ते गप्प राहिले होते. ते गप्प राहणे मात्र मला सोडून देता आले नाही. माझ्या जबाबात मी तेही सांगितले.

त्याच दिवशी मामाला सोडले. पण गवत राहिले नव्हते. तो मेंढरे घेऊन गंगथडीकडे, गोदावरीच्या काठाला निघाला. जाताना ठाण्याच्या दारात मला म्हणाला, "आक्का, पाऊस झाला की येतो. डोंगर राखा तवर."

ते त्याचे बोलणे माझ्या मागे लागले. पंचनाम्यात नुकसान लिहायची वेळ आली तेव्हा वनरक्षक म्हणाला, लाकूड जळाले नाही, नुसते गवत आहे. मी साहेबांना विनंती केली की आधी बायकांना विचारा. सीताफळवाल्या बायका आल्या. कुणी मधाची पोळी सांगितली, कुणी तितरांची घरटी, कुणी केरसुणीचे गवत. एक म्हणाली की पहिल्याच पावसात उघडी माती वाहून आमच्या तळ्यात येईल. वनरक्षकानेही मान्य केले आणि सगळे लिहून घेतले. मग आम्ही पायथ्याने फिरलो. डोंगर पुढच्या वेळी कुठून पेटेल, तेवढेच बघत. वन खात्याची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, त्यांच्या हद्दीत ठीक होती. कच्ची बाजू गावाकडची होती. जिथे जिथे शेत विकले होते, तिथे नांगर थांबला होता आणि प्लॉटचे गवत थेट डोंगराच्या गवताला भिडले होते. जुनी नांगरट आमच्या डोंगराची राखण करत होती, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मी ग्रामसभेत उभी राहिले. विकलेल्या शेतांच्या कडेने, डोंगरालगत पुन्हा नांगर फिरवा म्हणाले. प्लॉटवाले नको म्हणाले, गावातले हसले, मी पुढच्या सभेत पुन्हा उभी राहिले. शेवटी पायथ्याने नांगराचा पट्टा काढायचे ठरले.

दिरांना कोर्टात दंड झाला, नोकरी गेली. जाऊबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. दिवाळीही वेगवेगळी झाली. त्याआधी पावसाळ्यातच मामा परत आला होता. मेंढरे कमी होती, पण होती.

पुढच्या उन्हाळ्यात पट्टा काढायचा दिवस आला तेव्हा मुरमात बैल घालायला कुणी तयार होईना. मी चावडीपाशी वाट बघत होते. दुपारी कळले की पायथ्याला औत चालू आहे. जाऊन बघते तर दीर. कुणी न सांगता आले होते. मुरूम खरवडत, खांबांना वळसे घालत त्यांनी डोंगराच्या कडेने माती उघडी केली होती.

मी लांबच उभी राहिले. त्यांनी बैल थांबवले, घाम पुसला आणि जाऊबाईंना मध्ये न घालता, थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "पाटीलबाई, फेर झालाय. नीट बघून घ्या."

गुन्हा कुणी केला ते शोधणे पोलिसांचे काम आहे, हे मला ठाण्यात शिकवले होते. पण तो पुन्हा घडायला जागा कुठे उरली आहे, हेही बघावे लागते, ते मी त्या चौकशीत शिकले. त्या दिवशी मी पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि सगळे नीट बघून घेतले.