पंचांनी बरा केलेला माणूस

ठोक्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच आठवत असेल. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं आणि लोकांनी त्याचा नव्याने बाप्तिस्मा करून टाकला. अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारा. चर्चमध्ये मात्र तो शेवटच्या बाकावर, दाराला खेटून बसायचा. शेवटचं आमेन लोकांच्या तोंडात असतानाच हा रस्त्यावर.

त्याला कारण होतं. तरुणपणी त्याला फिट यायच्या. फिट हा मेंदूचा आजार, हे शाळेच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण चर्चच्या मंडळीचे थोरले पंच पुस्तकं कमी वाचायचे आणि भुतं जास्त ओळखायचे. पंच म्हणजे मंडळीचे कारभारी, लाकडाच्या वखारीचे मालक, हात फावड्याएवढे. ते ठोक्याला चर्चच्या मागच्या खोलीत घेऊन गेले, जिथे जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असायच्या. खिडक्या लावल्या. चौघांनी मिळून त्याला आडवा पाडला, पंच छातीवर गुडघा रोवून बसले आणि पाय धरायला त्याची आईच बसवली. आईच्या पकडीतून भूत सुटत नाही म्हणे. मग चामडी पट्टा सुरू झाला, आणि प्रत्येक फटक्याबरोबर एकच प्रश्न: नाव सांग. भुताचं नाव कळल्याशिवाय ते निघत नाही, असा पंचांचा कायदा होता. ठोक्याजवळ भूतच नव्हतं, तर नाव आणायचं कुठून? तोंड फुटलं, गळ्याखालचं हाड कडकन मोडलं, तेव्हा त्याने आपल्या गणिताच्या मास्तरांचं नाव सांगून टाकलं. मग मास्तर अंगातून बाहेर पडेपर्यंत पंचांनी त्याला हाणलं. आज ऐकायला गंमत वाटते. त्या दिवशी तो स्वतःच्याच रक्तात गुदमरत होता.

पुढच्या रविवारी, हात गळ्यात बांधलेला असताना, त्याला साक्ष द्यायला उभं केलं. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगायचं, ती साक्ष. 'प्रभूने मला मोकळं केलं,' एवढं म्हणून तो बसला. दुसरं काय म्हणणार? मागची खोली तिथून दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईने रडत गुडघे टेकले आणि ठोक्या पंचांचा चमत्कार होऊन बसला.

फिट काही टाळ्यांना घाबरली नाही. ती येत राहिली आणि तो लपवत राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लग्नानंतर एकदा ती बायकोच्या डोळ्यांसमोर आली. बायको औषधांच्या दुकानात कामाला. तिने आरडाओरडा केला नाही. त्याला कुशीवर वळवलं आणि दुसऱ्या दिवशी कानाला धरून डॉक्टरकडे नेलं. गोळ्या लागू पडल्या. आईला मात्र ठोक्याने कळू दिलं नाही. मुलाला प्रभूने बरं केलं, यावर म्हातारी जगत होती, ते काढून घ्यायला त्याचं मन होईना. आणि तिच्यावर त्याचा राग इतका होता की एका घरात राहूनही तिच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटत नव्हते. दोन्ही खरं होतं.

इतकं होऊन चर्चला जातोसच कशाला, असं बायको विचारायची. तो म्हणायचा, "प्रभू तिथे आहे म्हणून जातो. पंचही तिथेच असतात, त्याला माझा इलाज नाही."

प्रार्थना तो पत्रा ठोकताना करायचा, आणि ती प्रार्थना कमी, भांडण जास्त. तुलाही धरून मारलं होतं, निदान तुला तरी कळायला हवं, असं प्रभूला सुनवायचं आणि घाव घालायचा. प्रभूने कधी उलट उत्तर दिलं नाही. तेवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं.

मग त्याच्या लेकीला फिट आली. शाळकरी पोर, जेवता जेवता ताठ झाली आणि खुर्चीवरून खाली कोसळली. ठोक्याने तिला कुशीवर घेतलं, शुद्धीवर येईपर्यंत मांडीशी धरून बसला आणि डॉक्टरांची वेळ घेतली. म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. तिला डॉक्टर कशाला हवा? तिच्याजवळ इलाज होता, आणि तो तिच्या पोटच्या पोरावर लागू पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको कामावरून आली तर घराला कुलूप. आजी नाही, नात नाही. तिने गॅरेजला फोन केला. ठोक्याला काही विचारावं लागलं नाही. फोन तसाच लोंबकळत ठेवून, हातातला हातोडा हातातच घेऊन तो धावत सुटला.

मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं. आत गाणं चाललं होतं, आणि गाण्याखालून लेकीची किंकाळी येत होती. ठोक्याने कडीवर घाव घातला, मग बिजागरीवर, मग बसेल तिथे. दार फळ्यांसकट आत पडलं. लेक फरशीवर होती, फ्रॉक खांद्यावर फाटलेला, ओठातून रक्त हनुवटीवर आलेलं. पंचांचे केस पिकले होते, गुडघा मात्र त्याच जागी, तिच्या छातीवर. पायांशी ठोक्याची आई.

एक जण अडवायला आला. ठोक्याने त्याला उचलून खुर्च्यांवर आपटलं आणि ती सगळी रास त्याच्या अंगावर आली. पंचांचा पट्टा ठोक्याच्या कानशिलावर बसला. ठोक्याने हातोडा घातला तो पट्टा धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला चांगलाच ओळखीचा होता, आणि खोटं कशाला सांगा, त्याला तो ऐकून बरं वाटलं. पंच कोसळले. ठोक्याने त्यांच्या छातीवर पाय दिला आणि हातोडा त्यांच्या डोक्यावर उगारला.

पंच विव्हळत म्हणाले, "अरे, तूच तर साक्ष दिली होतीस. तू बरा झालास, म्हणून तर हिला..."

हातोडा वरच राहिला. आपल्यानंतर या फरशीवर किती जण आडवे पडले असतील, आणि त्यांच्या आयांना पंचांनी कुणाचा दाखला दिला असेल, हे ठोक्याला तेव्हा कळलं. डोकं फुटून पंच मेले असते, पण ती साक्ष मागे उरली असती. त्याने हातोडा भिंतीवर भिरकावला आणि लेकीला उचललं.

"मी बरा झालो नव्हतो," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही. रोज गोळ्या खातो मी."

बोलायला लागला तेव्हा तो पंचांकडे बघत होता. बोलणं संपलं तेव्हा आईकडे.

बायको पोलिसांत गेली. नवऱ्यावरही केस होईल हे माहीत असून गेली, आणि झालीही. रविवारी ठोक्या शेवटचा बाक सोडून थेट पुढे चालत गेला. पाळकसाहेब उपदेशाला उठायच्या आत त्याने बोलायला सुरुवात केली होती. आपण खोटी साक्ष दिली, मार चुकवायला दिली, आणि आपल्यापायी ज्यांना ज्यांना मार बसला त्यांची माफी मागतो, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "प्रभूने मला बरं केलं नाही. तरी मी त्याचाच आहे. तो त्या खोलीत होता. पट्टा धरणाऱ्यांत नव्हता. माझ्याबरोबर खाली पडला होता."

पंचांच्या थोरल्या मुलाने त्याची गचांडी धरून त्याला दाराबाहेर ढकलून दिलं. पायरीवर कपाळ फुटलं. आत एकच गलका झाला. थोड्या वेळाने एक बाई आपल्या तरण्या मुलाचा हात धरून बाहेर आली, तिच्यामागे दुसरी एक. दोघींनी ठोक्याला दंडाला धरून उभं केलं.

घरी आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. त्याने नळाखाली कपाळ धुतलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी पाय धरले होते, तेव्हा तू आई, आई म्हणून ओरडत होतास."

"हो."

"पंच म्हणाले होते, ते भूत ओरडतंय. मुलाचा आवाज काढेल, तू सोडू नकोस. परवा पोरगी आजी, आजी करत होती, तरी मी सोडलं नाही. भुताला आई कुठली असायला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

तिला सुनवायचं म्हणून ठोक्याने वर्षानुवर्षं पुष्कळ साठवून ठेवलं होतं. त्यातलं काही सापडेना. तो तिच्याशेजारी खाली बसला.

"आई," तो म्हणाला.