दोन गल्ल्यांवरचं माहेर

आप्पांनी मृत्युपत्रात माझ्या धाकट्या बहिणीला एक्झिक्युटर केलंय, हे मला वकिलांच्या टेबलासमोर कळलं आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजही पूर्ण थांबलेलं नाही. घर विकून दोघींनी निम्मं निम्मं घ्यायचं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण सगळं पार पाडायचं कोणी, कोर्टात उभं राहायचं कोणी, सह्या करायच्या कोणी? तर तिने. पुण्यात राहणारीने. दिवाळीला येऊन फराळ आणि मे महिन्यात येऊन आंबे खाऊन जाणारीने.

मी आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते, नाशिक रोडलाच. नोटांच्या प्रेसमधल्या नोकरीत असताना त्यांनी ते छोटं बैठं घर बांधलं होतं. आई गेल्यापासून त्यांचा स्वयंपाक मी जाऊन करत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बाहेर बाकड्यावर मी बसले. ‘भाजीत आज मीठच मीठ’ हेही मीच ऐकलं. तिला मात्र फोनवर ‘जपून राहा गं बाळ’. मला उभ्या आयुष्यात कधी बाळ म्हटलं नाही त्या माणसाने.

खरं सांगायचं तर माझी आग मृत्युपत्राच्याही आधीची, ओटीवरून होती. आमच्याकडे सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. आई गेल्यावर आप्पांनी ते स्वतः सुरू केलं. पुरुषाने ओटी भरलेली कोणी पाहिली नव्हती. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. पण धाकटी पुण्याला निघाली की आप्पा तिला पाटावर बसवायचे, कुंकू लावायचे, ते हमखास नाकाकडे उतरायचं, मग नारळ, खण आणि तांदूळ. रीतीप्रमाणे ती त्यातले चार दाणे माहेरी मागे ठेवायची. आप्पा ते तांदळाच्या डब्यात टाकायचे आणि तिची रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी त्या डब्यातला भात शिजवायची मी.

माझी ओटी? मी एकदा थट्टेत म्हणून बघितलं, तर म्हणाले, तू कुठे जातेस, तू तर इथेच आहेस. मी हसले आणि कुकर लावला. त्या दिवशी भाजीत मीठ खरंच जास्त पडलं असावं.

तर घर. सटाण्याकडच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याला ते पसंत पडलं, मुलांना शिकायला नाशिकला ठेवायचं म्हणून. पण त्याच्या बँकेच्या वकिलाने फाटा फोडला, की प्रोबेट आणा. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा निर्वाळा. आमचे वकील म्हणत होते की इथे ते सक्तीचं नाही, पण कर्ज बँकेचं, हट्ट बँकेचा. अर्ज अर्थातच एक्झिक्युटरबाईंनी केला. मी फक्त माझी हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं.

हरकत नाही! अहो, माझी सगळ्यालाच हरकत होती.

कोर्टाचा माणूस येऊन दारावर नोटीस चिकटवून गेला, कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. तुळशीला पाणी घालायला रोज मीच जायची, त्यामुळे ती नोटीस रोज मीच वाचायची. सही करायला काही मी गेले नाही. आधी गुडघा दुखत होता, मग घरी पाहुणे होते, मग नवरात्र आलं. धाकटी फोनवर गोड बोलायची आणि मी त्याहून गोड बोलून पुढची तारीख सांगायची. तिच्याशिवाय आप्पांचं अडलं नाही, आता माझ्याशिवाय तिचं कसं अडतंय बघू, असं चाललं होतं माझं. शेवटी व्यापारी देवळालीकडे दुसरं घर बघू लागला, तशी ती पुण्याहून उठून आली.

आप्पांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात तिने मला गाठलं. मी सरळ विचारलं, आप्पांना मी का नाही दिसले? तिने ओट्याची कड पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाली, “मीही त्यांना तेच विचारलं होतं, ताई. ते म्हणाले, मोठी हे घर विकूच देणार नाही. तू लांबची झालीस, तुला जमेल.”

लांबची म्हणताना तिला रडू आलं, आणि मला त्याचाही राग आला. रडायचा पहिला मान तरी माझा होता की नाही? पण आप्पांनी मला बरोबर ओळखलं होतं. किती महिने मी दुसरं काय करत होते? दुसऱ्या दिवशी सीबीएसजवळच्या कोर्टात जाऊन मी सही करून आले.

यथावकाश प्रोबेट मिळालं, खरेदीखत झालं, आणि किल्ल्या द्यायचा दिवस आला. व्यापाऱ्याची बायको फाटकाशी येऊन थांबली होती. मी शेवटचा केर काढून निघणार, तर धाकटीने पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले. पाट नव्हता, तिने जमिनीवर स्वतःची शाल अंथरली.

“बस,” ती म्हणाली. “आज तूही निघालीस.”

मी बसले. तिने कुंकू लावलं, तेही नाकाकडे उतरलं. पदरात तांदूळ पडायला लागले तसं माझ्या डोळ्यांतलं पाणी आवरेना. इतकी वर्षं मी याच एका गोष्टीवरून जळत होते, आणि आज माझी ओटी भरत होती ती धाकटीच. मी उठताना ती हळूच म्हणाली, चार दाणे ठेव ना मागे. मी फाटकाकडे पाहिलं. ती नवी बाई आमच्या तुळशीचं पान खुडत होती. मी पदर घट्ट आवळला आणि एक दाणाही न ठेवता बाहेर पडले.

माझ्या घरी चहा झाला. पुण्याची बस गाठायची म्हणून तिने बॅग उचलली, रिक्षा दारात आली, पण ती उंबऱ्याशीच थांबली. काही विसरलीस का, असं मी विचारलं. तिने फक्त ओढणी पुढे पसरली.

पदरात बांधून आणलेले तेच तांदूळ मी तिच्या ओटीत घातले. सगळे. मला उभ्या जन्मात एकदा मिळालेली ओटी, तीही शेवटी हीच घेऊन चालली होती. तिने चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी ते मुठीत धरून तिची रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहिले.