विळे पाजवायचा दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून बसतो आणि दुसरंच बोलतो — धानाचं, शाळेतल्या पोरांचं, नाहीतर नुसतंच उकाड्याचं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच कारण असावं.

आमचं गाव लाखनीच्या पुढे, हायवेला लागून. गावाबाहेर आंब्यांची रांग आणि एक बांधीव विहीर होती. त्या जागेला आम्ही पडाव म्हणायचो. इंग्रजांच्या काळी रायपूरकडे पायी निघालेल्या पलटणी तिथे मुक्काम करायच्या, तेव्हापासूनचं हे नाव. विहिरीजवळ एक काळा दगड होता, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्यावर रेघाच रेघा — खोल, उथळ, एकीच्या अंगावर दुसरी. परका माणूस म्हणाला असता, विळ्यांना धार लावायचा दगड दिसतो. तेवढंच नव्हतं ते.

आमच्याकडून जो कोणी पलटणीत जायचा, तो निघायच्या सकाळी घरातला धान कापायचा विळा या दगडावर पाजवायचा. एकाच जागी घासायचा, रेघ उमटेपर्यंत, आणि विळा आईच्या हाती द्यायचा. त्या विळ्याला मग घरात कुणी हात लावायचं नाही. जाणारा परत आला की पहिली मूठ त्यानेच कापायची. पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांच्या रेघा सगळ्यांत जुन्या, बोट फिरवलं तरच कळणाऱ्या. नावं कुठे लिहिलेली नव्हती. म्हाताऱ्यांना पाठ होती, आणि म्हातारे एकेक करून गेले.

सगळ्यांत नव्या रेघा दोन. शेजारी शेजारी. एक दिवाकरची, दुसरी माझी.

दिवाकर माझा लंगोटीयार. भरतीला आम्ही बरोबर धावलो, बरोबर निवडले गेलो. निघायच्या दिवशी अख्खं गाव पडावात जमलं होतं. मी माझा विळा त्याच्यापेक्षा जास्त वेळ घासला — का, ते आज कळतं. माझी रेघ त्याच्या रेघेपेक्षा खोल निघाली. त्याची आई, कौसल्याकाकू, माझ्या आईचा हात धरून उभी होती. दोघी रडत होत्या आणि दोघींना आपापल्या पोराचा अभिमानही होता.

नागपूर स्टेशनात गाडी लागली होती. मी दिवाकरला म्हटलं, तू जागा धर, मी पाणी घेऊन येतो.

आणि मी गेलो नाही. म्हणजे — परत गेलो नाही. चहाच्या ठेल्याआड उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा दिवाकर दारात लोंबकळत मला शोधत होता, माझी पेटी त्याच्या हातात होती. माझी गाडी चुकली असं समजून त्याने ती फलाटावर सोडली, मला सापडावी म्हणून. मी ती गाडी दिसेनाशी झाल्यावर उचलली. भीती कशाची होती? गोळीची? घर सुटण्याची? खरं सांगू, मला ते अजूनही नीट सांगता येत नाही. पाय हलले नाहीत, एवढं आठवतं.

काही दिवस मावशीकडे काढले आणि गावी येऊन सांगितलं, तिथे पलटणीत पुन्हा डॉक्टरी तपासणी झाली, कानात दोष निघाला. सगळ्यांनी मानलं. लोक हळहळले. आईने तर त्याच हंगामात विळा माझ्या हाती दिला आणि पहिली मूठ मला कापायला लावली. मी कापली.

दिवाकर पहिल्या सुटीवर आला तेव्हा मी त्याला चुकवत होतो. त्याने मला पानठेल्यावर गाठलं. चार लोक उभे होते. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पाणी भेटलं का बे?"

आणि हसला. बाकीच्यांना काही कळलं नाही. त्याने कुणालाही, कधीही सांगितलं नाही. दर सुटीत एकदा तरी तेवढंच विचारायचा. त्या हसण्यात राग नव्हता, हेच मला सहन व्हायचं नाही. मग एका हिवाळ्यात डोंगरावर बर्फाचा कडा त्याच्या चौकीवर कोसळला. देह मिळाला नाही. गावात आली ती बातमी आणि त्याची पेटी.

काकूंजवळ त्याचं म्हणून उरलं काय? भिंतीला टांगलेला विळा आणि पडावातली रेघ. कापणीला सुरुवात व्हायच्या आधी त्या दगडाशी जायच्या आणि रेघेत हळद भरायच्या. दिवाकरच्या. आणि शेजारच्या माझ्याही. पोराचं नशीब नव्हतं, मन तर होतं ना त्याचं जायचं, म्हणायच्या. मी तिकडून जाताना मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, दुःखाने.

पुढे पडावावर बसस्टँड आणि दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं. गावातल्या पोरांनी आणि एका निवृत्त हवालदाराने लावून धरलं की दगड तरी राहू द्या, कठडा बांधू, प्रत्येक रेघेसमोर नाव कोरू. जुनी सापडतील तेवढी. दिवाकरचं तर आहेच. आणि एक जण म्हणाला, "सरचं बी टाकू ना. जाऊन तर आले होते."

ते सर म्हणजे मी; तोवर मी शाळेत शिकवायला लागलो होतो.

बांधकामाचे साहेब जागा बघायला आले. गावाने मला पुढे केलं — शिकलेला, शिवाय माझीच रेघ त्यावर. साहेबांनी दगडाकडे बघून विचारलं, याला काही इतिहास आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त दिसत होतं, दिवाकरच्या नावाशेजारी कोरलेलं माझं नाव. ते नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "नाही साहेब. लोक इथे विळे पाजवतात."

यात एक शब्द खोटा नाही. बघा हवं तर. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, मी बोलता बोलता थांबलो आहे, पुढचं आता सांगेन. साहेब मान हलवून विहिरीकडे वळले. नंतर हवालदाराने बरंच समजावलं, पण सरच नाही म्हणतात म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार?

काकू तेव्हा लाखांदूरला लेकीकडे होत्या. परतल्या तोवर मशीनने दगड फोडून पायाच्या भरावात टाकला होता. मी पडावात पोचलो तर त्या गिट्टीत बसून एकेक तुकडा उलटून त्यावर बोट फिरवत होत्या. काळे तुकडे सगळे सारखेच. मी जवळ गेलो. वाटलं, आता विचारतील. आता सांगून टाकू.

त्यांनी माझा हात धरला, हळदीच्या पुडीसकट, आणि म्हणाल्या, "माह्या दिवाकरची गेली रे बापू. तुहीबी गेली."

माझं सांत्वन करत होत्या त्या. माझं. आणि मी ते करून घेतलं. त्यांच्या शेजारी बसून रडलो — तेही त्यांनी खरंच मानलं असणार.

बसस्टँड आता वापरात आहे. मी शाळेला तिथूनच बस पकडतो. पिण्याच्या पाण्याची टाकी बसवली आहे, बरोबर त्या जागेच्या आसपास. मी तिथलं पाणी पीत नाही. याने काय होतं? काही नाही.

काकू आहेत अजून. त्यांना वाचता येत नाही, आणि म्हणूनच मी हे लिहायला धजावलो, हेही मला ठाऊक आहे. दगड मी परत आणून देऊ शकत नाही. नागपूर स्टेशनातल्या पाण्याचं मात्र त्यांना सांगू शकतो. त्यांच्या ओसरीवर बसून, स्वतःच्या तोंडाने. तेवढं माझ्याकडून त्यांचं येणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.